लाटेवरचा खेळ, किनाऱ्यावरचा धंदा

बारामतीच्या बाजारपेठेतून जाताना तयार कपड्यांच्या दुकानांबाहेर टांगलेले टी-शर्ट आपण पाहतोच. त्यातल्या कित्येकांवर डोंगराएवढी लाट, तिच्या पोटातून फळीवर उभा राहून येणारा एक माणूस आणि खाली इंग्रजी नाव असे चित्र असते. आम्ही एका ओळखीच्या दुकानदाराला विचारले, "हे चित्र कशाचे हो?" ते हसून म्हणाले, "समुद्राचं काहीतरी असेल. पोरं मागतात म्हणून ठेवतो."

दुकानदाराचे उत्तर खोटे नव्हते. पण ज्या मालावर आपण पोट भरतो त्याची हकीकत माहीत असलेली बरी. या चित्रामागे एक खेळ आहे, त्या खेळामागे मोठा व्यापार आहे आणि तो व्यापार सुरू केला तो शिंपीकाम व सुतारकाम करणाऱ्या साध्या माणसांनी. म्हणून या अंकात आम्ही सर्फिंग या खेळाची आणि त्याच्या धंद्याची माहिती देत आहोत.

खेळ काय आहे?

सर्फिंग म्हणजे समुद्राच्या फुटत्या लाटेवर फळी टाकून, तीवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येणे. यासाठी लागणारी लाट दूरच्या समुद्रात वादळ झाले की तयार होते आणि शेकडो, कधी हजारो मैल प्रवास करून किनाऱ्याशी येते. तिथे तळ उथळ झाला की ती उभी राहते आणि फुटते. आपल्या भिगवणजवळ उजनीचे पाणी कितीही पसरलेले दिसले तरी तिथे वाऱ्याच्या लहान लाटाच उठतात. त्यावर हा खेळ होत नाही. त्याला सहसा खुला समुद्र लागतो.

हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील बेटांचा. हवाई बेटांवर राजापासून कोळ्यापर्यंत सर्वजण तो खेळत. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याच्या जहाजावरील अधिकाऱ्यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे हवाईचा ड्यूक काहानामोकू हा जलतरणपटू १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकून जगभर गाजला आणि जिथे गेला तिथे त्याने फळीचा खेळ दाखवला. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ त्याने हा खेळ केला तेव्हा फळी स्थानिक लाकडातून स्वतःच तासून घेतली होती. म्हणजे त्या देशात या खेळाची गोडी लागली तीच एका हाताने घडवलेल्या फळीवरून.

आज स्पर्धा अशी होते : दोन किंवा अधिक खेळाडू सुमारे अर्धा तास पाण्यात असतात. पाच पंच प्रत्येक लाटेला १० पैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. खेळाडूच्या दोन उत्तम लाटांची बेरीज म्हणजे त्याचे २० पैकी गुण. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला. तिथे पुरुषांत पहिले सुवर्ण ब्राझीलच्या इतालो फेरेरा याने मिळवले. त्याचे वडील मासळीचा व्यापार करीत. लहानपणी फळी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मासळी थंड ठेवण्याच्या थर्माकोल खोक्याच्या झाकणावर तो हा खेळ शिकला.

तिकीट नाही, मग पैसा कुठून?

व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल. क्रिकेटला मैदान आहे, मैदानाला फाटक आहे, फाटकावर तिकीट आहे. समुद्राला फाटक नाही. किनाऱ्यावर उभे राहून कोणीही फुकट पाहू शकतो. मग खेळाडूला पैसे देतो कोण?

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. उरुसात किंवा जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. बहुधा तिकीट नसते. पैलवानाला इनाम मिळते ते गावच्या वर्गणीतून, दुकानदारांच्या देणगीतून. दुकानदार देणगी देतो कारण त्याचे नाव भोंग्यावरून पुकारले जाते आणि त्या दिवशी फडाला आलेला माणूस त्याच्याकडे माल घेतो. फड संपल्यावर पैलवान गुलालात न्हाऊन निघतो. पण त्या दिवशी लंगोट शिवणारा, मिठाईवाला, खेळणीवाला, चहावाला या सर्वांची रोजी निघालेली असते.

सर्फिंगचे अगदी असेच आहे. १९७६ मध्ये हवाईतील फ्रेड हेमिंग्ज आणि रँडी रॅरिक यांनी जगभरच्या सुट्या स्पर्धा एका साखळीत बांधल्या आणि गुणांवरून जगज्जेता ठरू लागला. पहिला जगज्जेता ऑस्ट्रेलियाचा पीटर टाउनेंड. ती साखळी पुढे वेगवेगळ्या संस्थांच्या हाती गेली आणि २०१५ पासून तिचे नाव वर्ल्ड सर्फ लीग असे आहे. या सर्व काळात स्पर्धांचा मोठा खर्च उचलला तो चड्ड्या, टी-शर्ट, पोहण्याचे पोशाख विकणाऱ्या कंपन्यांनी. अमेरिकेच्या केली स्लेटरने ११ वेळा जगज्जेतेपद मिळवले. १९९० पासून २०१४ पर्यंत त्याच्या फळीवर क्विकसिल्व्हर या कपड्याच्या कंपनीची खूण होती. तो लाटेवर उभा राहिला की दूर कुठल्या तरी शहरात त्या खुणेचा शर्ट विकला जाई. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही असा मुलगाही तो घेई.

म्हणजे खेळ होतो पाण्यावर, पण गल्ला भरतो किनाऱ्यावरच्या दुकानात.

स्वयंपाकघरातले शिलाई मशीन

आता या कंपन्या सुरू कशा झाल्या ते पाहू. आपल्या कारागिरांनी नीट वाचावा असा हा भाग आहे.

१९५२ मध्ये जॅक ओनील याने सॅन फ्रान्सिस्को येथे लहान दुकान टाकले. तिथले पाणी बर्फासारखे थंड. खेळणारे अर्ध्या तासात काकडून बाहेर येत. ओनीलने रबराच्या फेसाचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख करून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक पाण्यात जास्त वेळ राहू लागले आणि दुकान चालू लागले.

१९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील टॉर्की या छोट्या गावात दोन धंदे निघाले. डग वॉरब्रिक आणि ब्रायन सिंगर यांनी रिप कर्ल काढली. अॅलन ग्रीन आणि जॉन लॉ यांनी क्विकसिल्व्हर काढली. हे सर्वजण स्वतः लाटांवर जाणारे होते. साधी चड्डी पाण्यात निसटते, नाडी सुटते, मांडीला घासते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून क्विकसिल्व्हरच्या चड्डीची कंबर मागून उंच व पुढून खाली कापली गेली आणि नाडी-बटणाऐवजी टिचबटण व चिकटपट्टी आली. कापणीतला एवढासा फरक, पण खेळणाऱ्याला तो हजार रुपयांचा वाटला.

१९७३ मध्ये क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथे गॉर्डन आणि रेना मर्चंट या नवरा-बायकोने घरच्या स्वयंपाकाच्या टेबलावर कापड कापून चड्ड्या शिवल्या आणि आसपासच्या दुकानांत नेऊन दिल्या. त्यांची खासियत म्हणजे तिहेरी टीप. लाटेच्या मारात शिवण उसवत नसे. त्या मालाला त्यांनी बिलाबाँग नाव दिले. हे नाव पुढे जगभरच्या बाजारांत गेले.

यात भांडवल किती होते? एक मशीन, थोडे कापड आणि गिऱ्हाइकाची अडचण ओळखणारी नजर. आपल्या बारामती-इंदापुरात या तीन गोष्टी नसलेले मोहल्ले थोडेच असतील.

फळी घडवणारा

कपड्याइतकाच मान फळी घडवणाऱ्याला आहे. पूर्वी फळ्या भरीव लाकडाच्या असत. १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी हलक्या फेसाचा ठोकळा ओतण्याची रीत बसवली. कारागीर हा ठोकळा घेतो, विजेच्या रंध्याने तासतो, पॉलिश पेपरने गुळगुळीत करतो, त्यावर फायबरग्लासचे कापड आणि रेझिन चढवतो, खाली माशाच्या परासारखी पाती बसवतो. खेळाडूचे वजन, उंची आणि लाटेची जात पाहून माप ठरते. अर्धा सूत इकडे-तिकडे झाले तरी फळीची चाल बदलते.

काम झाले की कारागीर पेन्सिलीने फळीवर माप आणि आपले नाव लिहितो. त्यावर पारदर्शक रेझिन चढते आणि नाव कायमचे राहते. केली स्लेटरच्या गाजलेल्या फळ्या सँटा बार्बरा येथील अल मेरिक या कारागिराने घडवलेल्या होत्या आणि या खेळातल्या माणसांना मेरिकचे नाव स्लेटरच्या बरोबरीने माहीत आहे. आज मापे यंत्रावर तासली जातात, कारखान्यांतून स्वस्त फळ्या निघतात. तरीही चांगला खेळाडू आपल्या कारागिराला सोडत नाही.

आपल्याकडे पैलवान आपल्या वस्तादाचे नाव घेतो, पण त्याच्या तालमीचे दार करणाऱ्या सुताराचे नाव कोणी घेत नाही. आपल्या हुन्नरावर आपले नाव लिहायची सवय आपण लावून घेतली नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

पाण्यातले रीतिरिवाज

या खेळाभोवती एक रहाटी तयार झाली आहे. लाटेचा उंचवटा जिथे पहिला फुटतो त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचे नाही. घुसला तर पाण्यातच बोलाचाली होते. नव्या माणसाने आधी बाजूला थांबून पाहावे, जुन्यांना मान द्यावा, आपली फळी दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देऊ नये. कोठे लिहिलेला कायदा नाही, पण सर्वजण पाळतात. काही किनाऱ्यांवर मात्र स्थानिक लोक बाहेरच्यांना धाकदपटशाही करतात. तो या खेळाचा काळा भाग आहे.

हवाईत एडी ऐकाऊ नावाचा जीवरक्षक होता. १९७८ मध्ये समुद्रात उलटलेल्या होडीवरील सोबत्यांसाठी मदत आणायला तो एकटा फळीवर निघाला आणि परत आला नाही. त्याच्या नावाने एक स्पर्धा होते. लाटा फार प्रचंड असतील त्याच वर्षी ती भरते, नाहीतर भरत नाही. २०२३ च्या जानेवारीत ती ल्यूक शेपर्डसन याने जिंकली. तोही जीवरक्षक. त्या दिवशी त्याची कामाची पाळी होती. सुटीच्या वेळात तो स्पर्धेत उतरे आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन लोकांवर नजर ठेवी. खेळाडूंमध्ये त्याचा मान वाढला तो या दोन्ही गोष्टींनी.

स्त्रियाही या खेळात आहेत. जागतिक साखळीत २०१९ पासून स्त्री-पुरुषांच्या बक्षिसाची रक्कम सारखी केली गेली.

आपल्या देशात

भारतात हा खेळ रुजून फार दिवस झाले नाहीत. २००४ मध्ये कर्नाटकात मुल्की येथे मंत्रा सर्फ क्लब निघाला. २००७ मध्ये मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना तुषार पथियान यांच्यासह उडुपीजवळ कोडी बेंगरे येथे शाका सर्फ क्लब घेऊन उभी राहिली. देशातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचे नाव घेतले जाते. तामिळनाडूत कोवलम या कोळ्यांच्या गावात मूर्ती मेगवन या कोळी तरुणाने २०१२ मध्ये शिकवणी सुरू केली आणि मासेमारांची मुले खेळाडू व शिक्षक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथील आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवले. आपल्या बाजूने पाहिले तर गोव्यात हरमल, आश्वे या किनाऱ्यांवर शिकवणी चालते. पुण्या-मुंबईची मुले तिथे जातात.

याचा अर्थ आपल्या मुलांनी लगेच फळी घेऊन गोव्याला पळावे असा नाही. अर्थ इतकाच की टी-शर्टावरचे चित्र आता परदेशापुरते राहिलेले नाही.

मोठे झाले आणि बुडाले

हकीकत इथेच संपली असती तर गोड झाली असती. पण व्यापाऱ्याने नफ्याबरोबर तोटाही वाचावा.

क्विकसिल्व्हर वाढत गेली. २००५ मध्ये तिने बर्फावरील खेळांचे सामान करणारी रोसिन्योल ही फ्रेंच कंपनी विकत घेतली. धंदा वेगळा, गिऱ्हाईक वेगळे, आणि डोक्यावर कर्ज. २००८ मध्ये ती तोट्यात विकावी लागली. कर्जाचे ओझे मात्र राहिले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

बिलाबाँगनेही दुकानांमागून दुकाने, कंपन्यांमागून कंपन्या घेतल्या. २०१२ मध्ये एका गुंतवणूकदार संस्थेने शेअरमागे ३ ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. कंपनीने ते नाकारले. पुढे भाव घसरत गेला. पाच जुन्या शेअरचा एक नवा शेअर केल्यावरही २०१८ मध्ये कंपनी शेअरमागे सुमारे १ डॉलरलाच विकली गेली. २०२३ मध्ये क्विकसिल्व्हर आणि बिलाबाँग ही दोन्ही नावे अमेरिकेतील एका ब्रँड-मालक कंपनीकडे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत या नावांची दुकाने चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीनेही दिवाळे काढले आणि शंभरावर दुकाने बंद झाली. ज्या टेबलावर तिहेरी टीप पडली होती तिथला धंदा आता केवळ नाव भाड्याने देण्याचा झाला आहे.

फळीवाल्यांवर वेगळाच प्रसंग आला. अमेरिकेतील बहुतेक कारागीर फेसाचा ठोकळा एकट्या गॉर्डन क्लार्कच्या कारखान्यातून घेत. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्कने अचानक पत्र पाठवून कारखाना बंद केल्याचे कळवले. हातात हुन्नर, दारात गिऱ्हाईक, पण तासायला ठोकळा नाही अशी गत झाली. उरलेल्या ठोकळ्यांचे भाव भडकले. जे टिकले ते नवे पुरवठादार शोधूनच टिकले.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट नावाची. बारामतीच्या एमआयडीसीत आणि घराघरांत आपल्या कित्येक बहिणी पीसच्या दराने शिलाई करतात. शिवण त्यांची, नाव दुसऱ्याचे. मजुरीचे काम वाईट नाही. पण त्याबरोबर थोडा माल स्वतःच्या नावाने निघाला पाहिजे. आपल्या नावाची खूण ट्रेड मार्क म्हणून नोंदवता येते. कपड्यांचा वर्ग २५ वा आहे. एकट्या व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे चालते आणि पुन्हा वाढवता येते. अर्जापूर्वी तसे नाव कोणी घेतले आहे का, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते.

दुसरी गोष्ट नकलेची. लाटेचे चित्र काढण्याला कोणाची मनाई नाही. पण दुसऱ्याचे नोंदलेले नाव किंवा खूण छापलेला बनावट माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. 'पोरं मागतात' हा बचाव तिथे चालत नाही. माल घेताना पक्के बिल घ्यावे आणि भावावरूनच शंका येत असेल तर तो माल दुकानात आणू नये.

तिसरी गोष्ट एकाच दारावर न राहण्याची. कच्चा माल एकाकडून आणि विक्री एकालाच, असे असेल तर क्लार्कचे पत्र आठवावे. आणि आपल्या धंद्याशी संबंध नसलेला दुसरा धंदा कर्जावर उचलण्यापूर्वी रोसिन्योल आठवावे.

चौथी गोष्ट आपल्या पाण्याची. गेल्या हिवाळ्यात आम्ही भिगवणकडे गेलो होतो. कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. नाववाले त्यांना पाण्यात फिरवून आणतात. पाहुणे पक्षी पाहतात, मासळीचे जेवण करतात आणि परततात. आम्ही होतो त्या दिवशी एकाही पाहुण्याच्या हातात इंदापूर तालुक्यात तयार झालेली वस्तू आम्हाला दिसली नाही. टोप्या घालून आले होते, त्याही दुसरीकडच्या. पहाटेची थंडी, पाण्यावरचे ऊन, कॅमेऱ्याची पिशवी भिजण्याची धास्ती, बसायला ओली फळी. हे सर्व आम्ही अंगावर घेतले. उन्हाची टोपी, पाणी न लागणारी पिशवी, नावेत बसायची गादी ही तिन्ही कामे आपल्या शिंप्यांच्या हातातली आहेत. मात्र शिवणाऱ्याने आधी एकदा नावेत बसून यावे. टॉर्कीच्या लोकांनी आधी लाट खाल्ली आणि मग कात्री घेतली.

हंगाम लहान आहे, हे खरे. पण पालखीच्या चार दिवसांत बारामती ते इंदापूर रस्त्यावर धंदा कसा करायचा हे आपल्या व्यापाऱ्यांना शिकवावे लागत नाही. मग पक्ष्यांच्या चार महिन्यांना आपण का घाबरावे? दोन-तीन कारागिरांनी मिळून वीस-पंचवीस नग करावेत, नाववाल्याला विक्रीवर वाटा द्यावा आणि पाहुणा काय म्हणतो ते ऐकून पुढच्या नगाची कापणी सुधारावी. एवढ्या बेताने सुरुवात केली तर तोटा झाला तरी तो सोसण्याजोगा राहील.

लाट कोणाच्या मालकीची नाही, तसे आकाशातून येणारे पक्षीही कोणाच्या मालकीचे नाहीत. पाहणाऱ्याची गरज ओळखून जो हाताने वस्तू करतो आणि तीवर आपले नाव घालतो, त्याचाच धंदा किनाऱ्यावर उभा राहतो. असे नाव इंदापूर किंवा बारामतीच्या एखाद्या वाचकाने काढले तर आम्हाला जरूर कळवावे. या पानावर त्याची माहिती देण्यात आम्हाला आनंद वाटेल.